शिळं पाणी

साताऱ्याच्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो मोरीत ओतल्या जाणाऱ्या पाण्याच्या आवाजानं. आजी उठायची, चूळ भरायची, पदर खोचायची आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेला तांब्याचा हंडा नि दोन पितळी कळश्या रिकाम्या करायला घ्यायची. एक कळशी तुळशीला आणि अळूच्या वाफ्यात, दुसरी न्हाणीघरात आणि हंडा सरळ मोरीत. मग चिंचेच्या चोथ्यानं नि राखेनं भांडी अशी घासायची, की त्यांत आपला चेहरा पाहून आपल्यालाच ओशाळं वाटावं. नळ आला की ताजं पाणी, त्यावर झाकण, झाकणावर फुलपात्र. कालच्या पाण्यात तिला काही वावगं दिसायचं असं नाही. ते आमच्याइतकंच तिलाही स्वच्छ दिसायचं. पण रात्र ओलांडली की पाणी शिळं, हा तिचा कायदा. भाकरी शिळी होते, फुलं शिळी होतात, तसं पाणीही. शिळ्या भाकरीचा ती कुस्करा करायची, शिळ्या भाताला फोडणी द्यायची. पाण्याला फोडणी देता येत नाही, एवढाच काय तो तिच्या लेखी पाण्याचा दोष होता.

पाचवीत भूगोलाचं पुस्तक हाती आलं आणि मला या कायद्यातली फट सापडली. आमच्या गावाला पाणी यायचं ते कासच्या तलावातून. तिथं ते पावसाळ्यात साठायचं, थंडीभर पडून राहायचं आणि उन्हाळ्यात आमच्या हंड्यात पोहोचायचं. "आजी, आठ महिने तळ्यात राहून जे शिळं झालं नाही, ते आपल्या हंड्यात एका रात्रीत कसं होतं?" हातातला काथ्या न थांबवता आजी म्हणाली, "तळ्याला ऊन-वारा असतो, मासे असतात. हंड्यात कोण आहे?" मला ती पळवाट वाटली. मोठी माणसं वादात हरली की असंच काहीतरी बोलतात, अशी माझी तेव्हा खात्री होती. आता मी स्वतः मोठ्या माणसांत मोडतो, तेव्हा ती खात्री फारशी बोलून दाखवत नाही.

पुढं नोकरीला लागलो. पाणीटंचाईच्या एका वर्षी ऑफिसात पाणीबचत सप्ताह निघाला आणि घोषवाक्यांची स्पर्धा झाली. मी लिहिलं, 'पाणी कधी शिळं होत नाही. होते ती फेकणाऱ्याची अक्कल!' त्याला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणजे एक स्टीलचा तांब्या, पोटावर माझं नाव कोरलेला. तो मी मोठ्या ऐटीत साताऱ्याला नेऊन आजीपुढं ठेवला आणि घोषवाक्यही वाचून दाखवलं. "छान आहे," ती म्हणाली. आणि पुढं हात चालत होते तोवर रोज सकाळी त्याच तांब्यानं कालचं पाणी उपसून तुळशीला घालत राहिली. माझं नाव उन्हात चकाकायचं, पाणी ओतलं जायचं, आणि दोघांनाही त्यात काही विसंगत वाटायचं नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण परवाचं. आम्ही आठ-दहा दिवस कोकणात जाऊन पुण्याला परतलो, तर स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. पाणी शुद्ध करणाऱ्या या यंत्रांचा स्वभाव घरजावयासारखा असतो. भिंतीवर एक जागा अडवून बसायचं, अधूनमधून गुरगुरायचं आणि वर्षाकाठी सरबराई करून घ्यायची. सर्व्हिसिंगला मुलगा आला, विशी-बाविशीतला. पाठीवर सॅक, हातात पाना आणि खिशात टीडीएस मीटर. ते त्यानं जुने डॉक्टर थर्मामीटर झटकायचे तसं झटकून पेल्यात बुडवलं. मग एकेक डबी उघडत गेला. नवी असताना दह्यासारखी पांढरी असलेली कॅण्डल आता चिकूच्या सालीच्या रंगाची झाली होती. तिच्यामागं कार्बनची डबी आणि कार्बनमागं खरी राणी, मेम्ब्रेन, घट्ट गुंडाळलेल्या वळकटीसारखी. "हिच्यातून काही म्हणजे काही जात नाही, काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजात किल्लेदाराचा अभिमान होता.

शेवटी त्यानं साठवणीची टाकी उघडली आणि माझा हात धरून बोट तिच्या आतल्या कडेवरून फिरवलं. रंग नाही, वास नाही. भेंडी चिरताना सुरीला येते तशी नुसती बुळबुळ. मी म्हटलं, "अरे, ही टाकी मेम्ब्रेनच्या पुढची ना? तिकडून जर काहीच येत नाही, तर हे आलं कुठून?" तो जरा विचारात पडला. किल्ल्याचा दरवाजा बंद, तट शाबूत, आणि आत वस्ती. मग त्यानं खांदे उडवले. "होतंच ते. आठ दिवस पाणी हललंच नाही ना. शिळं झालं."

शिळं! पन्नास वर्षांनी तो शब्द माझ्या ओट्यावर येऊन बसला, तोही हातात डिजिटल मीटर असलेल्या पोराच्या तोंडून. आजी असती तर हसलीही नसती. तिनं नुसतं काथ्या शोधला असता.

माझी पुतणी हॉलंडमध्ये डेल्फ्टला असते. नळाच्या पाण्यातल्या जिवाणूंची शिरगणती करणं हा तिचा अभ्यास. आमच्या घराण्यात आजवर कुणी तलाठी झालं नव्हतं, ती उणीव तिनं अशी भरून काढली. रात्री तिला फोन लावला आणि बुळबुळीची हकिगत सांगितली. ती म्हणाली, "काका, तुमच्या टाकीत जे झालं त्यालाच आम्ही पुनर्वाढ म्हणतो. पणजीआजी त्याला शिळं म्हणायची. तिचा शब्द जास्त चांगला आहे."

मग तिनं मला समजावलं ते असं. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. जिवाणू एखाद्या मायक्रॉनचा. आणि अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात त्या पडद्याची छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या ते शंभराव्या भागाएवढी. तिथून जिवाणूनं निसटणं म्हणजे म्हशीनं कौलांच्या फटीतून माळ्यावर चढणं. आमच्या घरातल्या यंत्रातला पडदा तर त्याहून कितीतरी बारीक. गाळणं या गोष्टीचा एवढा मोठा प्रवास झाला, हे ऐकून मला आजीच्या नळाला बांधलेलं लुगड्याचं फडकं आठवलं. जुनं, मऊ, चौपदरी. त्यात अडकलेले लालसर कण ती रोज झटकून टाकायची. नवं कापड तिला चालायचं नाही. नव्याला अंग नसतं म्हणायची. पुतणीनं सांगितलं की यावर चक्क संशोधन झालं आहे. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांना जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळायला सांगितलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि हे किडे साडीत अडकतात. २००३ मध्ये निकाल छापून आला. पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं होतं. आणि साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन धागे फुलतात आणि भोकं लहान होतात. म्हणजे नव्याला अंग नसतं ही शास्त्रीय वस्तुस्थिती निघाली.

"पण काका," पुतणी म्हणाली, "पडदा जेवणाऱ्याला अडवतो, जेवणाला नाही." पाण्यात विरघळलेलं अन्न असतं. कुजलेल्या पानांतून उतरलेली आम्लं, साखरेचे अंश, असलं काहीबाही. त्याचे रेणू इतके लहान, की साध्या पडद्यातून आरामात पार होतात. अन्न तरी किती? मायक्रोग्रॅममध्ये मोजावं इतकं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण जिवाणूंना पचेल असा एक मायक्रोग्रॅम कार्बन पाण्यात असला, तर त्यावर साधारण एक कोटी जिवाणू पोसले जातात. माझ्या डोळ्यांपुढं कार्यालयाचं चित्र उभं राहिलं. पंगत मांडलेली, पानं वाढलेली, आणि जेवायला बसलेल्यांना दारवानानं बकोटी धरून बाहेर काढलेलं. पानं मात्र तशीच. अशा वेळी मागच्या दारानं, पाइपच्या सांध्यातून, टाकीच्या झाकणाखालून किंवा तोटीच्या तोंडातून एखादा चुकार आत शिरतो. धक्का मारणारा शेजारी नाही, वाटेकरी नाही. तो बसतो आणि वीस पिढ्यांचा संसार थाटतो. पाणी जितकं कडेकोट गाळलेलं, तितकं त्याचं रान मोकळं.

आमच्या यंत्रानं तर आणखी एक विनोद केला होता. नळाच्या पाण्यात नगरपालिका क्लोरीन सोडते, तो पहारेकरी. गावाकडं अजूनही नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट होते. नळीत थेंब टाकायचा आणि पाणी पिवळं झालं की पहारेकरी जागा आहे असं समजायचं. नळाच्या तोंडाशी तो लिटरला ०.२ मिलीग्रॅम तरी उरलेला असावा, असा दंडक आहे. पण क्लोरीननं मेम्ब्रेनचा नाजूक पडदा खराब होतो, म्हणून घरातला कार्बन त्याला मेम्ब्रेनच्या आधीच गाठून निरोप देतो. धरणापासून आपल्या ओट्यापर्यंत सोबत आलेल्या रखवालदाराला आपण उंबऱ्यावरून परत पाठवतो आणि पाण्याला आठ दिवस प्लॅस्टिकच्या डब्यात एकटं ठेवून कोकणात जातो. मेम्ब्रेन बरंचसं अन्नही अडवते, हे खरं. पण थोडं निसटतं, थोडं प्लॅस्टिकच्या अंगातूनच झिरपतं, आणि थोडं पुरेसं असतं.

हे मायक्रोग्रॅममधलं अन्न मोजायचं कसं, याची युक्ती मला फार आवडली. १९८२ च्या सुमारास डिक व्हॅन डर कोय नावाच्या डच शास्त्रज्ञानं ती रुळवली. पाणी आधी तापवून निर्जंतुक करायचं. मग त्यात पी-१७ नावाचा एक ठरावीक जिवाणू सोडायचा आणि तो खाऊन-पिऊन किती वाढतो ते पाहायचं. त्याच्या वाढीवरून पाण्यात अन्न किती होतं, याचा हिशेब निघतो. माहेरी आलेल्या मुलीच्या गालांकडं बघून सासरचं जेवण जोखणाऱ्या आयांचंच हे शास्त्र. व्हॅन डर कोयचा निष्कर्ष असा, की असं अन्न लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली आणलं, तर क्लोरीन नसलेल्या पाण्यातही जिवाणूंची संख्या फारशी वाढत नाही. जंतूला मारायचं नाही. उपाशी ठेवायचं.

डच लोकांना हे सुचावं यात मला एक संगती दिसते. जिवाणू पहिल्यांदा माणसाला दिसले ते डेल्फ्टमध्येच, आणि ज्याला दिसले तो लीवेनहोक पुतणीच्या घरापासून थोड्या अंतरावरच्या जुन्या चर्चमध्ये पुरलेला आहे. लीवेनहोक कापडाचा व्यापारी. १६७६ मध्ये त्यानं मिरीच्या पाण्यातले इवले जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पुढं १६८३ मध्ये त्यानं स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला. हा गृहस्थ रोज मिठानं दात घासायचा, तरी त्या थरात इतके जीव सापडले, की साऱ्या देशात जेवढी माणसं नाहीत तेवढे आपल्या तोंडात आहेत असं त्यानं लिहून टाकलं. व्हिनेगरनं चूळ भरून पाहिलं, तर थराच्या बाहेरच्या बाजूचे मेले, आतले सुखरूप. पाण्याच्या पाइपांत हेच घडतं. एकूण जिवाणूंपैकी साधारण ९५ टक्के वाहत नसतात. ते पाइपच्या भिंतीला चिकट थर करून राहतात, आणि वरून जाणारा क्लोरीन त्या थराच्या आत फारसा उतरत नाही. माझ्या टाकीतली भेंडीची बुळबुळ म्हणजे टाकीच्या दातांवरचा थर होता, आणि ती मिठानंही घासली गेली नव्हती.

"मग तुमच्या त्या स्वच्छ डेल्फ्टमध्ये नळाच्या पाण्यात जिवाणू किती?" मी जरा खवचटपणे विचारलं. "मिलीलिटरला लाखभर," ती शांतपणे म्हणाली. मी हातातला पेला खाली ठेवला. दोनशे मिलीलिटरच्या पेल्यात दोन कोटी. म्हणजे २०११ च्या जनगणनेतली सगळी मुंबई, वर तिचे निम्मे पाहुणे. जुन्या पद्धतीनं खळीवर वाढवून मोजले, तर त्यातला शंभरात एकही उगवत नाही. उरलेल्यांना प्रयोगशाळेची खळ आवडत नाही, म्हणून कितीतरी वर्षं ते कुणाच्या मोजणीतच आले नाहीत. आणि जवळजवळ सगळे निरुपद्रवी. "लेजिओनेलासारखा एखादा दांडगा असतो, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं," ती म्हणाली, "पण बाकीचे नुसते राहतात."

डच लोक नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवत नाहीत. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहान्स रूक यांनी दाखवलं, की क्लोरीन पाण्यातल्या सेंद्रिय अंशांशी मिसळून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार करतो. तेव्हापासून तिथं त्याच्यावरचा विश्वास उडाला. फ्रेंचांनी वेगळी वाट धरली. पॅरिसच्या उत्तरेला मेरी-स्यूर-वाझ इथं १९९९ पासून दिवसाला १ लाख ४० हजार घनमीटर नदीचं पाणी नॅनोफिल्ट्रेशनच्या अशा पडद्यांतून जातं, की ते जेवणाऱ्याबरोबर बरंचसं जेवणही अडवतात. मग पुढं क्लोरीन चिमूटभर पुरतो. डच मात्र पुष्कळ ठिकाणी पाणी शेवटी वाळूच्या जाड थरातून अगदी सावकाश झिरपू देतात. त्या वाळूत जिवाणूंचं एक जुनंजाणतं गाव वसलेलं असतं. ते पाण्यातलं अन्न आधीच संपवतं. पाइपात शिरणाऱ्या पाण्यात मग जिवाणू असतात, पण वाढायला काही उरलेलं नसतं. पंगत वाळूतच उठलेली असते.

हे ऐकताना मला काथ्याचा आवाज आला. तळ्याला ऊन-वारा असतो, मासे असतात. हंड्यात कोण आहे? कासच्या तळ्यात उन्हानं मरणारे होते, खाणारे होते, खाणाऱ्यांना खाणारे होते. एवढ्या वाटेकऱ्यांत कुणा एकाचं फावत नसे. हंड्यात कुणी नव्हतं, म्हणून हंड्याची तिला काळजी. आपलं पाणी एकटं पडू नये, एवढंच बहुधा तिला म्हणायचं होतं. पाचवीतल्या मला ते कळलं नाही, कारण एकटं पडणं म्हणजे काय हे पाचवीत कळत नसतं. आता दोघंच उरलेल्या घरात, पुतणीचा फोन ठेवल्यावर, थोडंफार कळतं.

तरी सगळंच श्रेय आजीला देऊन मोकळं होता येत नाही. आपल्याकडं नळाला दिवसातून तास-दोन तास पाणी. बाकीच्या वेळी पाइप रिकामे, आणि रिकामा पाइप सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढतो. तिथं पहारेकरी हवाच. नळ सोडल्यावर येणारा क्लोरीनचा तो वास म्हणजे रात्रीच्या गुरख्याची शिट्टी. कटकटीची, पण झोप लागते ती तिच्याच भरवशावर. आणि झाकून ठेवलेलं, असं क्लोरीन घातलेलं कालचं पाणी प्यायला काही हरकत नाही, हे माझं घोषवाक्यही खोटं नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी मात्र २०१० मध्ये मोजून दाखवलं आहे, की घरातल्या पाइपांत रात्रभर थांबलेल्या पाण्यात सकाळपर्यंत जिवाणू दुप्पट-तिप्पट होतात आणि पाच मिनिटं नळ वाहू दिला की पुन्हा मूळ पदावर येतात. पाणी शिळं होतं. एका रात्रीत होतं. फक्त त्यानं बहुतेकदा कुणाचं काही बिघडत नाही.

तो स्टीलचा तांब्या आजीमागं माझ्याकडं आला. कोरलेलं नाव झिजून आता त्यातला काना आणि एक वेलांटी तेवढी उरली आहे. रोज सकाळी नळाचं पहिलं पाणी मी त्यात धरतो आणि गॅलरीतल्या तुळशीला घालतो. घर चार-आठ दिवस बंद ठेवून परतलात, तर तुम्हीही नळ थोडा वेळ सोडा, यंत्राची टाकी उपसून घासून घ्या, आणि ते पहिलं पाणी बादलीत धरून कुंड्यांना घाला. मोरीत मात्र ओतू नका. माझं दुसरं बक्षीस तेवढ्यापुरतं अजून खरं आहे.